किनारा-भेटीची तारीख ओहोटीला विचारून ठरवा

प्रति,
मा. मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी व शिक्षणाधिकारी,
मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग

विषय : खडकाळ किनाऱ्यावरील क्षेत्रभेटींची तारीख, वेळ आणि परवानगीचा अर्ज

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांमध्ये सहलीचं वारं सुरू होतं. ज्या शाळेच्या गच्चीवरून समुद्र दिसतो, तिथली मुलंही बसमध्ये बसून चार तास लांबच्या वॉटर पार्कला जातात. तो आनंदही मुलांना मिळावा, त्याला आमची हरकत नाही. हे पत्र आहे ते दुसऱ्या भेटीबद्दल : शाळेपासून चालत किंवा एसटीने अर्ध्या तासात गाठता येणारी खडपं (ओहोटीला उघडे पडणारे किनाऱ्यावरचे खडक), तिथे घालवलेले दोन तास, आणि त्यासाठी निवडायचा दिवस.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ सालीच दिला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद आहे. म्हणजे कागदावर अडचण काही नाही. अडचण तारखेची आहे.

बहुतेक शाळांमध्ये किनारा-भेटीची तारीख वार्षिक नियोजनातला मोकळा शनिवार बघून ठरते. समजा, त्या दिवशी अष्टमी आली. सकाळी अकराला साठ मुलं किनाऱ्यावर पोहोचतात. ओहोटी बाराच्या सुमाराला असते, वेळ तशी चांगलीच. पण अष्टमी म्हणजे भांग, भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असण्याचा काळ. पाणी उतरतं ते नावालाच. ज्या खडकांवर बघण्यासारखं असतं ते पाण्याखालीच राहतात. मुलांना दिसते पुळण (वाळूचा किनारा), प्लॅस्टिक आणि भेळेची गाडी. वीस मिनिटांत ती कंटाळतात, आणि कंटाळलेली मुलं पाण्यात शिरतात. चुकीची तारीख निवडली की अभ्यास बुडतो, आणि धोका सुरू होतो तोही तिथूनच.

तिथीवरून भरतीची वेळ काढायचा पाऊणपटीचा हिशोब कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. तृतीयेला सव्वादोन, अष्टमीला सहा. मुंबईच्या आसपास तो पंधरवड्याच्या पहिल्या दिवसांत चांगला जुळतो, पण पौर्णिमा-अमावास्येकडे जाताना मागे पडतो. पंधरा पाऊण सव्वाअकरा, आणि प्रत्यक्षात पौर्णिमेची भरती बाराच्या आसपास येते. दर तिथीला ४५ ऐवजी ४८ मिनिटं धरली की फरक मिटतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हा अंदाज कागदाच्या कपट्यावर मुलंच काढू शकतात, गणिताच्या तासाला काढून घ्यावाच. नक्की वेळ मात्र छापील कोष्टकातूनच घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी ती प्रसिद्ध करतो, हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या केंद्राकडूनही मिळतात. कोष्टक आपल्या जवळच्या बंदराचं हवं. रत्नागिरी-मालवणला भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईचं कोष्टक घेऊन मालवणात उतरलात तर पाणी वर चढू लागल्यावर तुम्ही खाली जात असाल.

आता जरा खोलात जायला हवं, कारण शाळांची सर्वाधिक फसगत इथेच होते. दिवसाला दोन ओहोट्या असतात, पण दोन्ही सारख्या नसतात. आपल्या किनाऱ्यावर डिसेंबर-जानेवारीच्या उधाणात, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, संध्याकाळची ओहोटी सकाळच्या ओहोटीपेक्षा बरीच खोल जाते. मुंबईत हा फरक पाऊण मीटरच्या आसपास असू शकतो. पावसाळ्यात नेमकं उलट, तेव्हा सकाळची खोल. डिसेंबरात पौर्णिमा गाठून पहाटे मुलांना किनाऱ्यावर नेणारी शाळा हिशोब बरोबर करूनही अर्धे खडक पाण्याखालीच बघते. मार्चपर्यंत पारडं फिरतं आणि सकाळची ओहोटी थोडी सरस होते.

यावरून निघणारं व्यवहारी उत्तर असं. नोव्हेंबर ते जानेवारी दुपारची भेट ठेवा, शुद्ध किंवा वद्य द्वादशी ते चतुर्दशी. मुंबईच्या हिशोबाने द्वादशीची ओहोटी पावणेचारच्या सुमाराला, त्रयोदशीची साडेचारनंतर, चतुर्दशीची साडेपाचच्या आत. त्यांतली त्रयोदशी सर्वांत सोयीची, कारण चतुर्दशीला परतताना अंधार पाठीवर येतो. मार्च-एप्रिलमध्ये सकाळ धरा, द्वितीया ते चतुर्थी : ओहोटी साधारण पावणेआठ ते साडेनऊ. ऊन चढायच्या आत मुलं शाळेत परत. कोष्टकात वेळेशेजारी पाण्याची उंचीही मीटरमध्ये दिलेली असते आणि ती वेळेइतकीच महत्त्वाची असते. मुंबईत ती ०.७ मीटरच्या खाली असेल तरच जा. दक्षिणेकडे भरती-ओहोटीतला फरकच कमी असल्याने हा आकडा तसाच लावू नका. त्या महिन्यातल्या सर्वांत कमी उंचीच्या तीन-चार ओहोट्या निवडा. जून ते सप्टेंबर खडपांवर मुलांना नेऊच नये.

दुसरा हिशोब परतीचा. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ मानाने पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याइतकं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. मुंबईत उधाणाला ३.६ मीटर चढ धरला तर पहिल्या तासात ३० सेंटिमीटर, दुसऱ्यात ६०, तिसऱ्यात ९०. पहिला तास फसवा असतो. पाणी जागचं हललेलं वाटत नाही, म्हणून ‘अजून दहा मिनिटं’ म्हणायचा मोह होतो. आणि पाणी समोरून येतं असंही नाही. खडपांच्या मागच्या बाजूला, किनारा आणि आपण यांच्यामध्ये, एखादा खोलगट चर असतो. तो आधी भरतो. समोर खडक कोरडे आणि मागे गुडघाभर पाणी, अशी कोंडी होते ती याच चरामुळे.

म्हणून नियम साधा ठेवा : ओहोटीच्या दीड तास आधी उतरायचं, ओहोटीच्या मिनिटाला शिट्टी वाजवायची आणि त्यानंतर अर्ध्या तासात शेवटचं मूल पुळणीवर. त्रयोदशीला ओहोटी ४:३५ ला असेल तर ३:०५ ला खाली, ४:३५ ला शिट्टी, ५:०५ ला सगळे वर. शिट्टीनंतर कितीही सुंदर काही सापडलं तरी थांबायचं नाही.

चराच्या तोंडाशी एक मोठा माणूस उभा करा. त्याने शिकवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, मुलांच्या शंकांना उत्तरं द्यायची नाहीत. पाण्याच्या कडेच्या एका खडकावर खडूने खूण करून ती बघत राहायचं. खूण भिजली की घड्याळात काहीही वाजलेलं असो, शिट्टी. त्याच्याजवळ वीस मीटर दोर आणि एक लाइफ रिंग असावी. हे काम शाळेतल्या शिपाईमामांवर ढकलू नका. त्या किनाऱ्यावर रोज जाणारा माणूस घ्या. कालवं काढणाऱ्या किंवा शिंपल्या वेचणाऱ्या बायकांना कुठला खडक निसरडा, कुठला चर आधी भरतो हे आपल्या कोणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा मानधन रीतसर द्या, आणि ते खर्चाच्या तपशिलात ‘मार्गदर्शक’ म्हणून दाखवा. कालवांच्या खडकांवर त्यांचं पोट चालतं. तिथून मुलं तुडवत न्यायची नाहीत; कुठून न्यायची हे त्यांना विचारूनच ठरवावं.

मुलं किती? एका ओहोटीला तीस, फार तर छत्तीस. दर सहा मुलांमागे एक मोठा माणूस, चराजवळचा वेगळा आणि सगळ्यात शेवटी चालणारा वेगळा. साठचा वर्ग असेल तर दोन दिवस करा. लागोपाठच्या दोन तिथी उपलब्ध असतातच. दोन तुकड्यांना एकाच ओहोटीत, आधी एक आणि मग दुसरी असं बसवू नका. दुसरी तुकडी हमखास चढत्या पाण्यात सापडते.

पायात काय, यावर पालकांना स्पष्ट चिठ्ठी द्या. चप्पल, फ्लोटर्स, क्रॉक्स नकोत, अनवाणी तर नकोच. जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. भिजले, फाटले तरी हळहळ नाही. खडपांवरची सर्वांत नेहमीची इजा म्हणजे कालवाच्या कडेने कापणं. जखम बारीक दिसते, पण कड धारदार असते आणि शहरांजवळ पाण्यात सांडपाणी असतं. जखम लगेच भरपूर स्वच्छ पिण्याच्या पाण्याने धुवायची, आत कवचाचा तुकडा राहिलेला नाही ना ते बघायचं, आणि घरी पालकांना कळवायचं. हिरव्या शेवाळावर पाय घसरतो हे मुलांना माहीत असतं. काळसर, गुळगुळीत, ओलसर खडकावर त्याहून जास्त घसरतो हे सांगावं लागतं. उड्या मारत जायचं नाही. निसरड्या जागी एक हात खडकावर.

शंकूच्या आकाराचा शंख कितीही देखणा असला तरी उचलायचा नाही. आतला जीव जिवंत असेल तर त्याचा डंख विषारी असतो. जेलीफिश लागली तर त्या जागेवर समुद्राचंच पाणी ओता, गोडं पाणी नको, वाळूने चोळू नका, चिकटलेले धागे चिमट्याने काढा. पाकट माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवून थेट दवाखाना गाठा. त्यासाठी एक थर्मास गरम पाणी सोबत असू द्या. १०८ ची गाडी किनाऱ्यापर्यंत कुठल्या रस्त्याने येऊ शकते, हे आधीच्या पाहणीत बघून ठेवा. ही पाहणी भेट ज्या तिथीला असेल त्याच तिथीला, आधीच्या पंधरवड्यात, त्याच वेळेला करायची. दुसऱ्या कुठल्या दिवशी केलेल्या पाहणीत दिसलेला किनारा वेगळाच असतो.

आता प्रत्यक्ष काम. शिक्षक हातात कर्णा घेऊन चाळीस जीवांची नावं सांगत पुढे चालले आहेत आणि मागच्या मुलांना काहीच दिसत नाही, असं चित्र नेहमी दिसतं. नावं नंतर. आधी चौकट.

चौकट शाळेतच बनवा. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे ५० सेंटिमीटरचे चार तुकडे आणि चार एल्बो. प्रत्येक तुकड्याला १०, २०, ३० आणि ४० सेंटिमीटरवर भोकं पाडून नायलॉनची दोरी आडवी-उभी ओवली की पंचवीस घरं होतात. एक घर म्हणजे ४ टक्के. पाइपला खालून आणखी दोन-चार भोकं ठेवा, नाहीतर आत हवा राहून चौकट डबक्यात तरंगत बसते. सहा मुलांमागे एक चौकट पुरते. बार्नॅकल (खडकाला चिकटलेले बारीक कवचाचे जीव) मोजत बसलं तर ओहोटी संपते. म्हणून मोजायचं नाही, किती घरं कशाने व्यापली तेवढं लिहायचं. कालवांनी सात घरं म्हणजे २८ टक्के. वहीऐवजी कार्डबोर्डला क्लिप लावलेला एकच कागद आणि पेन्सिल; बॉलपेन ओल्या कागदावर उठत नाही, जेलपेन पसरतं.

भरतीच्या रेषेपासून पाण्याच्या कडेपर्यंत एक दोर टाका, दर दोन मीटरवर गाठ. प्रत्येक गाठीला चौकट. सुरुवात वरून करा आणि उतरत्या पाण्यामागे खाली जा. खालून सुरू केलं तर सर्वांत कमी वेळ उघडा राहणारा पट्टा घाईत उरकला जातो.

वरच्या गाठींवर मुलांना ‘काहीच नाही’ असं वाटतं. तिथे एका भेगेपाशी बसवा. भेगेत मिरीएवढे शंख दाटीवाटीने चिकटलेले असतात, उन्हाच्या विरुद्ध बाजूला. मधल्या पट्ट्यात कालवं आणि लिंपेट (टोपीसारख्या कवचाची गोगलगाय). लिंपेटला हात लावायच्या आधी त्याच्या कडेकडे बघायला सांगा : कवच आणि खडक यांच्यात नखही जात नाही. आतलं पाणी तो असं राखून ठेवतो. बोटाने एकदा टकटक केली की आणखी घट्ट बसतो, आणि तेवढं पुरे. उचकटायचा नाही. उचकटलेला लिंपेट पुन्हा नीट बसेलच असं नाही.

खालच्या पट्ट्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर झोअँथिडच्या, म्हणजे प्रवाळांच्या नात्यातल्या मऊ जीवांच्या, चादरी पसरलेल्या असतात. ओहोटीला त्या मिटलेल्या असतात, वर गाळ बसलेला, त्यामुळे करड्या-तपकिरी मऊ चिखलासारख्या दिसतात. खडक टोचतो म्हणून मुलं नेमकी त्या मऊ जागेवर पाय ठेवतात. तिथे सगळ्यांना थांबवून एखाद्या डबक्यातली, पाण्याखाली असलेली झोअँथिड दाखवा. फुलासारखी उघडलेली दिसतात. मग मागे वळून मघाची चादर दाखवा. पुढच्या पावलापासून मुलं स्वतःच एकमेकांना ओरडायला लागतात.

पट्टे का पडतात, हा प्रश्न मुलांसमोर ठेवायचा आणि उत्तर लगेच द्यायचं नाही. ढोबळ नियम असा की जीव किती वर राहू शकतो हे ऊन आणि कोरड ठरवते, आणि किती खाली राहू शकतो हे त्याला खाणारे आणि त्याची जागा बळकावणारे ठरवतात. पण गाठीगाठीची टक्केवारी फळ्यावर मांडली की बरीच मुलं यातला अर्धा भाग आपणहून गाठतात.

आठवी-नववीला आणखी एक काम देता येतं. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, दहा मीटर. तिच्यात पाणी भरून एक टोक वरच्या गाठीवर, दुसरं खालच्या गाठीवर धरायचं. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते. खडकापासून ती पातळी किती उंच ते दोन्हीकडे मोजून वजा केलं की दोन गाठींमधला उभा उतार मिळतो. पाइपमध्ये बुडबुडा राहिला की मोजमाप चुकतं. टिचक्या मारून तो आधी काढायचा. वर्गात आलेख काढताना आडव्या अक्षावर टक्केवारी, उभ्या अक्षावर उंची. कोष्टकातली त्या दिवसाची ओहोटीची उंची घेऊन पाण्याच्या कडेची पातळी बांधली की कालवं दिवसातून किती तास उघडी असतात याचा अंदाजही काढता येतो. इथे भूगोल, गणित आणि जीवशास्त्र यांच्या शिक्षकांनी एकत्र बसायला हवं. वेळापत्रकामुळे ते अवघड जातं, हे आम्ही जाणतो.

दगड उलटायचा असेल तर तो मोठ्या माणसानेच, आपल्याकडे ओढून, सावकाश. बघून झालं की होता तसाच, तीच बाजू खाली. खालच्या बाजूचे जीव उन्हात मिनिटांत सुकतात. बादलीत जीव गोळा करणं पूर्ण बंद. रिकामे शंखसुद्धा घरी न्यायचे नाहीत, कारण शंखात राहणाऱ्या खेकड्यांना ते लागतात. शिवाय प्रवाळ आणि काही शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मुलांच्या पिशवीतून ते निघाले तर उत्तर शाळेला द्यावं लागेल. मालवणच्या सागरी अभयारण्यात जाणार असाल तर वनखात्याला आधी कळवा.

ज्या शाळेजवळ खडपं नाहीत, नुसती पुळण आहे, त्यांनी नाराज होऊ नये. भरतीच्या रेषेवरचे रिकामे शिंपले जमवून बघा : काहींना टोकाशी एक गोल, कडा घासलेलं भोक असतं. ती शिंपला पोखरून आतला जीव खाणाऱ्या शिकारी गोगलगाईची खूण. शंभर शिंपले मोजायचे, भोकाचे वेगळे काढायचे, भोक कुठे आहे ते लिहायचं, आणि सगळे तिथेच ठेवून यायचं. जिवंत काहीही न हलवता शिकार मोजता येते. खाडीकाठच्या शाळांना तिवरांची मुळं आणि चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे आहेतच. तिथे चिखलात न उतरता बांधावरूनच काम होतं.

शेवटी अर्ज आणि परवानगी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर किनारा म्हटला की अधिकाऱ्यांची सही अडखळते, आणि ते समजण्यासारखं आहे. पण ‘किनाऱ्यावर नको’ एवढ्याने धोका टळत नाही. त्याच गावांतली मुलं रविवारी कोणी मोठं सोबत नसताना तिथे जातातच. सहल आणि क्षेत्रभेट यांना एकच अर्ज लावू नका. क्षेत्रभेटीत पोहणं, आंघोळ, गुडघ्याच्या वर पाणी, काहीही नाही, हे अर्जातच छापा. बसचा परवाना आणि पालकांचं संमतिपत्र विचारता, त्याच अर्जात आणखी चार रकाने घाला : त्या दिवशीची ओहोटीची वेळ, तिची मीटरमधली उंची, किनारा सोडायची वेळ, आणि चराजवळ उभ्या राहणाऱ्या स्थानिक व्यक्तीचं नाव व सही. हे रकाने ज्या शाळेला भरता येत नाहीत, तिला परवानगी देऊ नका. आमची त्याला पूर्ण संमती आहे.

आणि परवानगी एका तारखेची देऊ नका. लाटा उसळलेल्या असतील, वारा सुटला असेल तर ऐनवेळी भेट रद्द करण्याची शाळेला मुभा हवी. एकाच तारखेची सही असली की ‘आता परत कुठे अर्ज करायचा’ म्हणून मुलांना तसंच उतरवलं जातं. द्वादशी ते चतुर्दशी असे तीन दिवस आणि पर्याय म्हणून पुढच्या पंधरवड्यातले तेच तीन, असे सहा दिवस एकाच सहीत मंजूर व्हावेत. नोव्हेंबरच्या भेटींसाठी हे अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी निकाली निघाले तर शाळांना आधीच्या पंधरवड्यातली पाहणी करता येईल.

कळावे,

आपले,
किनाऱ्यावर शालेय मुलांसोबत काम करणारे काही शिक्षक आणि निसर्ग-मार्गदर्शक